नेट बंद, गाणे चालू

आज परभणीत दुपारपासून नेट गायब, ऊन तर असं की गच्चीवर पाय ठेवू वाटंना. अण्णांच्या भजनांचा सगळा साठा खालच्या जुन्या डेस्कटॉपवर हाय, कॅसेटीवरून भरून घेतलेला, निम्म्यांची नावं अजून 'ट्रॅक 01' अशीच. म्हणलं पेनड्राईव्ह घेऊन वरखाली कशाला पळायचं, इथूनच लॅपटॉपवर ऐकू. दोन्हीकडं उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार), दोन्हीकडं रिदमबॉक्स हे गाणे वाजवायचं ॲप. प्लगइनमधी डीएएपी म्युझिक शेअरिंग (घरच्या नेटवर्कवरून एका मशीनचे गाणे दुसरीवर ऐकायची सोय) चालू केलं, खालच्या मशीनवर शेअर करायची टिक मारली, तरी वर काहीच दिसंना. फायरवॉल (बाहेरून मशीनमधी येणारं अडवणारा पहारा) आडवी आलती! 3689 टीसीपी गाणे यायला अन् 5353 यूडीपी एकमेकाला हुडकायला, हे दोन पोर्ट (मशीनची नेटवर्ककडची दारं) उघडले की लगेच डाव्या साईडला अण्णांची लायब्ररी हजर.

हे डीएएपी ॲपलनं 2003 ला आयट्यून्स 4 या आपल्या गाण्यांच्या ॲपसोबत आणलेलं, लिनक्सवाल्यांनी ते उकलून आपलंसं केलं, लई भारी काम. राऊटर चालू असला म्हणजे झालं, बाहेरचं नेट असो नसो (हे आमच्या मित्रमंडळीला काही केल्या पटत नाही). फक्त गेस्ट वायफायवर (राऊटरचं पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) बसू नका, तिथं मशीनी एकमेकाला बहुतेक दिसतच नाहीत.

तेवढ्यात अण्णा वर आले. "माझं भजन तुझ्याकडं कसं वाजायलंय रे?" म्हणलं खालूनच यायलंय, वायफायवर. तर म्हणतात, "मग खालचं बंद कर की, फुकट लाईटबिल."