मे महिन्यात पहाटेची मैफल: परवानगीसाठी सात खेटे (माझा अनुभव)

आमच्या गाण्याच्या बाईंना जाऊन चार वर्षं झाली. पुण्यतिथी मे महिन्यात येते. आम्ही सहा-सात शिष्यांनी यंदा ठरवलं की हार-फोटो-भाषणं नकोत, पहाटेची मैफल करायची आणि ती ललत रागानेच सुरू करायची. बाई आम्हाला ललत पहाटेच शिकवायच्या, साडेचारला दार उघडं ठेवून तानपुरा लावून बसलेल्या असायच्या, संध्याकाळच्या क्लासला कुणी ललत विचारला तर सरळ नाही म्हणायच्या. त्यामुळे वेळ बदलायची नाही हे आमचं पहिल्या दिवसापासून पक्कं होतं, आणि सगळं घोडं तिथेच अडलं.

मुंबईत उपनगरात हॉल मिळायला त्रास नाही झाला, एका दिवसात मिळाला. १४० खुर्च्या, एसी, स्टेशनपासून चालत. पुण्याची एक तरुण गायिका, तबला, पेटी, सगळे दोन फोनमध्ये ठरले. तिकीट ₹२०० ठेवलं. (शास्त्रीय गाण्याच्या कार्यक्रमाचं तिकीट माणशी ₹५०० पर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही, आणि शास्त्रीय कलाकाराचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावरही नाही, हे आमच्या एका सीए मैत्रिणीने सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर आम्ही उगाच घाबरून बसलो होतो.)

अडलो ते लाऊडस्पीकरच्या परवानगीला. पोलीस ठाण्याचं नाव लिहीत नाही, कारण हे कुठेही होऊ शकतं.

पहिल्या दिवशी अर्ज घेऊन गेले. वेळेच्या रकान्यात लिहिलं होतं, पहाटे ४.४५ ते ७.३०. टेबलावरच्या माणसाने त्या ४.४५ भोवती पेनाने गोल काढला आणि कागद माझ्याकडे सरकवला. "मॅडम, सहाच्या आधी स्पीकर चालत नाही. सहा करा, आत्ता पुढे पाठवतो." म्हटलं, साहेब, हा राग सूर्योदयाच्या आधीचा आहे. तर म्हणाले, "गाणं तेच ना, तासभर उशिरा म्हणा." माणूस वाईट नव्हता, खरंच मदत करतोय असंच त्यांना वाटत होतं, पण मला बोलताच येईना. मे महिन्यात मुंबईत सूर्य सहा-सव्वासहाला उगवतो हो! सहाला तानपुरा जुळवायला घेतला तर ललत उन्हातच गायचा. मी वेळ न बदलता अर्ज ठेवून आले आणि तिथेच मोठी चूक केली, पोच घेतली नाही. हे आत्ताच सांगते, अर्ज कुठलाही असो, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

घरी येऊन नियम शोधला. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, त्यातला पाचवा. पहिलं पोटकलम म्हणतं की लेखी परवानगीशिवाय स्पीकर नाही. दुसरं म्हणतं की रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर नाही, पण पुढे अपवाद आहे, बंदिस्त जागेत आतल्या आत ऐकण्यापुरता असेल तर चालतो, आणि उदाहरणात सभागृह स्पष्ट लिहिलंय. म्हणजे परवानगी लागतेच, पण सहाचं बंधन बंदिस्त हॉलला नाही. वर्षातले १५ दिवस बाराची सूट मिळते म्हणून कुणी सांगेल, तिचा पहाटेला काही उपयोग नाही, ती रात्री १० ते १२ पुरती आहे.

हा कागद लाल पेनाने अधोरेखित करून दुसऱ्यांदा गेले तर ते साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा गेले तर अर्जच सापडेना, पोच नव्हती, नवीन लिहून दिला. या वेळी शिक्का घेतला. नियम वाचून ते म्हणाले, "ठीक आहे, पण हॉल बंदिस्त आहे हे मला कसं कळणार, हॉलवाल्यांचं पत्र आणा." बरोबरच होतं म्हणा. हॉलच्या ऑफिसने छापील पत्र दिलं, मी आनंदात घेऊन गेले आणि टेबलावर पोचल्यावर दिसलं की खाली बारीक अक्षरात छापलंय, "सभागृह सकाळी ७ ते रात्री ११ उपलब्ध". आमच्याच कागदाने आमचा अर्ज पाडला. नवीन पत्रावर ट्रस्टींची सही हवी आणि ते फक्त गुरुवारी येतात, त्या दिवशी शुक्रवार होता. त्या आठवडाभरात मला झोप लागली नाही हे खरं सांगते. पत्रिका छापून झालेल्या, ९० तिकिटं गेलेली, आणि ग्रुपवर दोघीजणी लिहायला लागल्या की सहाला करूया ना, लोकांनाही बरं पडेल. मी हट्टाला पेटले होते. ललत सहाच्या उन्हात गायचा असेल तर मग बाईंच्या नावाने करूच नका, असं मी रागात लिहिलं, आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

पाचव्या खेपेला ट्रस्टींचं पत्र दिलं तर शेजारच्या सोसायटीची हरकत नसल्याचं पत्र मागितलं. ते मात्र दहा मिनिटांत मिळालं, सेक्रेटरी काकांनी लिहून दिलं आणि दोन तिकिटं पैसे देऊन घेतली. सहाव्या खेपेला टेबलावर नवीनच माणूस, पहिल्यापासून सगळं, पुन्हा "सहा करा".

सातव्यांदा जायच्या आदल्या रात्री आम्ही एक केलं. हॉलवर जाऊन स्पीकर लावला, एकीला आत पेटीवर बसवलं आणि मी फोनवरचं आवाज मोजायचं ॲप घेऊन गेटवर उभी राहिले. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. आमचा स्पीकर चालू केला काय, बंद केला काय, गेटवरचा आकडा तोच राहत होता, रस्त्याने रिक्षा गेली की मात्र उडी मारायचा. त्याचा व्हिडिओ काढला. ॲपला कायद्यात किंमत नाही, पण दाखवायला फार उपयोग झाला.

सातव्या खेपेला मी टेबलावर थांबलेच नाही, वरिष्ठांना भेटायचं म्हणून सांगितलं आणि दोन तास बाकावर बसले. हे पहिल्यांदाच करायला हवं होतं. आणि नकार तोंडी देत असतील तर "कारण अर्जावर लिहून द्या" असं शांतपणे म्हणा, कारण तोंडी नकार घेऊन वर जाता येत नाही. वरिष्ठ साहेबांनी लाल रेघ वाचली, व्हिडिओ बघितला, विचारलं, आत किती लोक, स्पीकर किती. दोन, छोटे. दारं? दोन्ही बंद ठेवणार. त्यांनी हाताने एक अट लिहिली, "सकाळी ६ पर्यंत आवाज सभागृहाबाहेर जाणार नाही याची दक्षता घ्यावी", आणि सही केली. चार मिनिटं लागली. एकोणीस दिवस आणि सात खेटे, आणि काम चार मिनिटांचं! बाहेर येऊन पायरीवर बसून रडले.

पूर्वी पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव रात्रभर चालायचा, शेवटी पहाटे भीमसेन जोशी गायला बसायचे, रात्रीचे आणि पहाटेचे राग लोक त्यांच्या वेळेला ऐकायचे. रात्री दहाची मर्यादा आल्यापासून मोकळ्या मैदानावर ते गेलंच. लोकांच्या झोपेसाठी नियम हवाच, माझं भांडण त्याच्याशी नाही. पण बंदिस्त हॉलची वाट नियमानेच ठेवली आहे, ती तरी वापरा.

बाकी आठवतंय तसं सांगते. एसी कार्यक्रमाच्या तासभर आधी लावा आणि मग हात लावू नका, मे महिन्यातला दमटपणा आणि एसीची थंडी यात तानपुऱ्याच्या तारा सारख्या सुरातून हलतात, आमचा जुळवलेला तानपुरा एसी लावल्यावर पुन्हा जुळवावा लागला. कलाकारांना आदल्या रात्रीच जवळ उतरवा. आणि तारीख तुमच्या हातात असेल तर जानेवारीत करा, तेव्हा सूर्य सव्वासातला उगवतो, सहाला सुरू करून अख्खा ललत अंधारात होतो आणि सहाच्या वेळेचा हा वाद येतच नाही.

त्या दिवशी पावणेपाचला १२० लोक आले होते. ललतला पंचम (प) नाही म्हणून तानपुरा मध्यमात (म) लावलेला, आणि गायिकेने शुद्ध मध्यमाला लागून तीव्र मध्यम घेतला तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या आमच्या सगळ्यात थोरल्या गुरुभगिनीने माझं मनगट घट्ट धरलं ते रागाच्या शेवटापर्यंत सोडलं नाही. सहा वाजून दहा मिनिटांनी, पुढच्या अहिर भैरव रागाच्या आधी, मी उठून बाजूचं दार उघडलं. बाहेर उजाडलं होतं.