ओहोटीची वेळ साधून: हॉट स्प्रिंग्ज कोव्हचा माझा अनुभव

कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावरील टोफिनोहून हॉट स्प्रिंग्ज कोव्ह या लहान खाडीला जायला रस्ता नाही. तेथील नैसर्गिक गरम कुंडांपर्यंत बोटीने किंवा पाण्यावर उतरणाऱ्या लहान विमानानेच पोहोचता येते. आमची पहिली फेरी धक्क्यावरच रद्द झाली, कारण बाहेरच्या समुद्रात लाटा फार मोठ्या होत्या. पैसे परत मिळाले, पण नवी तारीख ठरवताना माझ्या लक्षात आले की पहिल्या वेळी मी केवळ सुट्टी आणि हवामान पाहिले होते, भरती-ओहोटीचे वेळापत्रक उघडलेच नव्हते.

ही कुंडे खडकाच्या एका घळीत, थेट समुद्राच्या काठावर आहेत. भरतीच्या वेळी खालच्या कुंडांत थंड समुद्राचे पाणी शिरते आणि ओहोटीला तीच कुंडे गरम राहतात. बोटीचे लोक किनाऱ्यावर मोजकेच तास देतात आणि त्यातही जाण्यायेण्याच्या पायी वाटेला जवळजवळ तास जातो. म्हणून ओहोटीचा तळ अकराच्या सुमारास येईल असा दिवस मी शोधला आणि सकाळी आठच्या बोटीत जागा घेतली. या सहलीच्या तयारीत याहून महत्त्वाचे दुसरे काही नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

दीड तासाच्या प्रवासात बराच वेळ बोट क्लेयोक्वॉट साउंड या विस्तृत सागरी खाडीतील बेटांच्या आडोशाने जात होती, मात्र उघड्या प्रशांत महासागराची लाट लागताच सर्वांनी कठडे घट्ट धरले. मळमळीची गोळी मी निघण्यापूर्वीच घेतली होती, त्याचा उपयोग झाला.

पूर्वी मक्विना सागरी उद्यान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निस्माक्किन उद्यानाच्या धक्क्यापासून कुंडांपर्यंत सुमारे दोन किलोमीटरची लाकडी फळ्यांची वाट जुन्या वर्षावनातून जाते. प्रचंड सीडर वृक्षांखाली ती सतत ओलसर असते. येथे येणाऱ्या बोटींच्या लोकांनी आपापल्या बोटींची नावे कोरलेल्या फळ्या या वाटेत बसवल्या आहेत. एका फळीवरील अक्षरांच्या खोबणीत शेवाळ इतके दाट भरले होते की नाव हिरव्या रंगाने लिहिल्यासारखे दिसत होते. मी वाकून ते बोटाने चाचपत वाचले आणि त्यात आमची पाच मिनिटे गेली, याचे मला मुळीच वाईट वाटत नाही.

गंधकाचा वास आधी आला, वाफ नंतर दिसली. जमिनीत खोल मुरलेले पाणी खडकातील भेगेतून तापून वर येते. उगमाशी त्याचे तापमान सुमारे ५० अंश सेल्सिअस असल्याने तेथे बसता येत नाही. पुढे ते एका लहान धबधब्यावरून पडते आणि एका कुंडातून दुसऱ्यात उतरत, निवत निवत समुद्राला मिळते. वरच्या कुंडात मी जेमतेम मिनिटभर थांबू शकले, मधल्या कुंडात मात्र पाठीचा शीण निघून गेला. सर्वांत खालच्या कुंडात बसले असताना खडकांच्या फटीतून एक लाट आत आली, तेव्हा खांद्यावर वरून पडणारे कढत पाणी आणि गुडघ्यांना लागलेले बर्फासारखे पाणी एकाच क्षणी जाणवले. तेथील खडकांना शिंपल्यांसारख्या धारदार कवचांचे जीव चिकटलेले असतात, त्यामुळे पाण्यात चालतील असे बूट घालावेतच. साबण आणि काचेच्या बाटल्या कोणीही नेऊ नयेत, कारण हे सारे पाणी पुढच्या काही पावलांत समुद्रात जाते.

भरती सुरू झाल्यावर लाटा वारंवार आत येऊ लागल्या. प्रत्येक लाटेबरोबर खालचे कुंड गार होत गेले आणि आम्ही एकेक कुंड वर सरकलो.

हा हेस्क्वियाट या आदिवासी राष्ट्राचा प्रदेश आहे. त्यांची वस्ती याच खाडीच्या पलीकडील काठावर आहे. १९६४ मध्ये अलास्कातील भूकंपानंतर आलेल्या त्सुनामीने त्या वस्तीतील घरे उद्ध्वस्त केली आणि नंतर ती अधिक उंचावर पुन्हा बांधण्यात आली. परतीच्या वेळी बोट खाडीतून बाहेर पडताना मी ती घरे आणि त्यांच्याखालची पाण्याची रेषा बराच वेळ पाहत राहिले.