मे महिन्यातला बर्फ

मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात, एरवी कुणी राहत नाही असा, तेलविहिरींच्या तोंडावरचा एक वेलहेड प्लॅटफॉर्म. मे महिना, रेलिंगला हात लावला की चटका. आणि माझ्यासमोर गॅस लिफ्टच्या चोकवर, म्हणजे विहिरीत जाणारा गॅस अरुंद वाटेतून सोडणाऱ्या व्हॉल्व्हवर, पांढराशुभ्र बर्फ.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. एका विहिरीचं उत्पादन पहाटेपासून पडलं म्हणून बोटीने आम्हाला तिथं सोडलं. या विहिरीतलं तेल आपसूक वर येत नाही. वरून गॅस सोडून तेलाचा भार हलका करावा लागतो, आणि तो गॅसच अडला होता. चोकच्या अलीकडे दर चौरस सेंटिमीटरला ९० किलो प्रेशर, पलीकडे जेमतेम १२. गॅसची नेहमीची शिट्टीही बंद.

एरवी गॅस ९० वरून २५ किलोवर उतरतो, तेव्हा साधारण ३० अंशांनी गार होतो. त्यात मुख्य प्लॅटफॉर्मवरचं गॅस सुकवणारं ग्लायकॉल युनिट आदल्या दिवसापासून बंद, म्हणजे गॅस ओला. पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात गॅस कोंडला जाऊन बर्फासारखा गोळा होतो, तेच हायड्रेट. ते शून्य अंशाची वाट बघत नाही; त्या दाबाला ७-८ अंशांतही धरतं.

प्रेशर उतरवलं की हायड्रेट विरघळतं, एवढं मला पाठ होतं. पलीकडच्या, प्रेशर बाहेर सोडायच्या ब्लीड व्हॉल्व्हला हात घातला, तोच सोबतच्या तात्यांनी मनगट धरलं.

"साहेब, एकाच बाजूनं सोडताय? मागं नव्वद किलो बसलंय. गोळा सुटला तर पाइपचा पुढचा बेंड फोडून जाईल."

हात आपोआप मागे आला. मग दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद केले आणि दोन्ही बाजू हळूहळू, गेज बघत, बरोबरीने शून्यावर आणल्या. आधी पाणी मारलं असतं तर सुटलेला गॅस आतच कोंडला असता, म्हणून फायर होज त्यानंतर. पाणी समुद्राचंच, २९ अंशांचं. त्या चोकला ते उकळतंच वाटलं असेल! तास-दीड तास थांबून चोक उघडला.

आतून लिंबाएवढा गोळा निघाला. भिजल्या साखरेसारखा दिसणारा, हातमोज्यावर चुरचुरत होता. एका लिंबात दीडशे लिंबांएवढा गॅस, सुटणारच. तात्यांनी तो वारा आमच्यापासून दूर जाईल त्या बाजूला धरायला लावला आणि समुद्रात टाकायला सांगितलं.

लाइन सुरू करण्याआधी, हायड्रेट पुन्हा धरू नये म्हणून मिथेनॉल सोडलं. दुपारी शिट्टी परत आली. गोळ्याचा फोटो काढायचा राहिला. मोबाइल किनाऱ्यावरच जमा करून यावं लागतं.