पडलेला सर्व्हर आपोआप उठवताना

कोल्हापुरात शाहू मार्केट यार्डातल्या एका गूळ अडत्याचं बिलिंग मी सांभाळतो. सौद्याच्या वेळी सर्व्हर बंद पडला की पट्ट्या (शेतकऱ्याच्या हिशेबाची बिलं) अडकतात, गूळ घेऊन आलेला शेतकरी ताटकळतो. ते मला बघवत नाही. म्हणून क्रॉनमध्ये (लिनक्सवर ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) दर मिनिटाला एक स्क्रिप्ट लावलीय. नुसत्या पीग्रेपवर (प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, यादीत शोधणारी कमांड) विसंबू नका. गोठलेली प्रोसेसही यादीत जिवंतच दिसते! माझी स्क्रिप्ट कर्ल या कमांडनं सर्व्हरकडं पान मागते, १० सेकंदांत उत्तर आलं नाही तर रीस्टार्ट. क्रॉन मिनिटाच्या खाली उतरत नाही, त्यामुळं साधं क्रॅश होणं सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) 'रीस्टार्ट ऑन-फेल्युअर' या सेटिंगकडं सोपवलंय. मूळ सेटिंगमध्ये १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून तेही थांबतं, आणि मला ते योग्यच वाटतं. रीस्टार्टआधी लॉग (सर्व्हरच्या नोंदींची फाइल) तारीख घालून बाजूला ठेवतो. मेमरी संपत होती, हे त्यातूनच कळलं.