तुम्ही विचारलंत म्हणून: ताशा येतो, मग पॅड कशाला?

आमच्या ढोल-ताशा पथकातली नवी मुलं दर वर्षी विचारतात, "ताई, तुला ताशा एवढा छान येतो, मग घरी त्या रबरी पॅडवर रोज तेच तेच काय वाजवतेस?" सोसायटीतल्या काकूही विचारतात. सरावाच्या गडबडीत उत्तर अर्धवट राहतं, म्हणून आज सविस्तर.

ताशा मी अठराव्या वर्षी गळ्यात घातला, नदीपात्रातल्या सरावाला, ऐन पावसात. पुढच्याचं बघून बघून उचललं. तर्री, म्हणजे ताशावरची जलद ठोक्यांची सलग लड, यायला लागली तेव्हा वाटलं, जमलं. पण मिरवणुकीत चौथ्या-पाचव्या तासाला डावा हात मागे पडायचा. तर्री तुटायची नाही, पण दाणे, म्हणजे त्यातले एकेक ठोके, सारखे पडायचे नाहीत. एवढ्या ढोलांच्या गजरात ते कोणाला ऐकू जात नसेल, मला जायचं. मनाला फार लागायचं ते.

म्हणून तिशीत स्नेअर ड्रम शिकायला गेले. साधारण १४ इंची ड्रम, खालच्या पानाला, म्हणजे ताणलेल्या पडद्याला, तारांची पट्टी टेकलेली. त्या तारांमुळे त्याचा आवाज चरचरीत होतो. सरांनी मात्र पहिले दोन महिने ड्रम दिलाच नाही. पॅड, दोन स्टिक आणि लय देणारा मेट्रोनोम, मिनिटाला ६० वर. उजव्याचे दोन, डाव्याचे दोन. याला डबल स्ट्रोक रोल म्हणतात.

या दोनातला दुसरा ठोका, माझं सगळं शिक्षण तिथे झालं. पहिला मनगटातून येतो. स्टिक पडते, आपणहून उसळते, आणि ती उसळी वाया जाऊ न देता बोटांनी तिला पुन्हा खाली पाठवायचं. अंगठा आणि तर्जनीत स्टिक नुसती तोललेली असते. मागची तीन बोटं तिला हळूच तळहाताकडे ओढतात. मी मूठ आवळून धरायचे, त्यामुळे उसळी तिथेच मरायची आणि दुसरा ठोका बारीक पडायचा. सरांनी उपाय दिला तो उलटा: वजन दुसऱ्यावरच टाक. तीन आठवडे तेवढंच केलं. मग एका सकाळी डोळे मिटून वाजवताना पहिला कुठला आणि दुसरा कुठला, मलाच सांगता येईना. तो आनंद अजून आठवतो.

अशा पाठांना रुडिमेंट म्हणतात. त्यांचं मूळ लष्करी ढोलवादनात आहे. १९३३ साली शिकागोत अमेरिकन ढोलवादकांनी १३ आवश्यक रुडिमेंट ठरवली. पुढे १९८४ मध्ये पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटी या तालवादकांच्या संस्थेने ४० ची यादी केली. आकड्याने दडपून जाऊ नका. एकेरी ठोके, दुहेरी ठोके, पॅराडिडल आणि फ्लॅम, एवढ्यावर मी वर्ष काढलं आणि ते पुरेसं होतं.

पॅराडिडल म्हणजे उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा. नाव तोंडाने म्हणून बघा, ठोके त्यातच आहेत. तबल्याचं तिरकिट आधी तोंडी येतं आणि मग हाती, तसंच. यात दर चार ठोक्यांनी सुरुवात दुसऱ्या हाताकडे जाते, डाव्याला लपायला जागाच उरत नाही. फ्लॅममध्ये एक स्टिक उंचावरून आणि दुसरी जेमतेम बोटभर वरून, किंचित आधी पडते. गाण्यातल्या कणस्वरासारखी.

ताशाच्या काड्या बारीक, पान ताणलेलं, पकड वेगळी, त्यामुळे स्नेअरवरचं सगळं जसंच्या तसं इकडे येत नाही. ऐकणारा कान मात्र येतो, आणि सैल मनगटही. गेल्या वर्षी मिरवणुकीच्या शेवटी पुण्याच्या अलका चौकात पोहोचलो तेव्हा माझे दोन्ही हात ताजे होते.

मुलांनो, सुरुवात करायची तर पॅडच घ्या. उशीवर वाजवू नका, उशी उसळी देत नाही. मनगट दमेल, बोटं काही शिकणार नाहीत. आरशासमोर बसा आणि दोन्ही स्टिक सारख्याच उंच जातात का ते बघा. माझी डावी अजूनही अर्धा इंच खाली राहते, म्हणून रोजची पहिली दहा मिनिटं तिची.