यवतेश्वरच्या घाटानं निवडलेली सायकल

सायकल घरी येऊन परवा दोन महिने झाले आणि या दोन महिन्यांत मला शाळेत, सोसायटीत, भाजी मंडईत मिळून निदान वीस जणांनी विचारलं असेल, केवढ्याला घेतली, आणि किंमत सांगितली की पुढचं वाक्य ठरलेलं, एवढ्यात तर स्कूटी आली असती की ताई. म्हणून म्हणलं एकदाच नीट लिहून काढू की काय बघितलं, का बघितलं आणि शेवटी काय घेतलं.

आधी चार वर्षं माझ्याकडं एमटीबी, म्हणजे माउंटन बाईक होती. जाड टायर, पुढं सस्पेन्शन, वजन पंधरा किलोच्या वर. त्या सायकलीला मी कधीच नावं ठेवणार नाही, लॉकडाऊननंतर मला घराबाहेर काढलं ते तिनंच. पण साताऱ्यातल्या समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट चढायला लागलं की पुढचं सस्पेन्शन प्रत्येक पायडलला खाली-वर व्हायचं, म्हणजे पायातली ताकद चाकाला जायच्या ऐवजी अर्धी त्या स्प्रिंगमध्ये मुरतीय असं वाटायचं, आणि वर देवळापाशी पोचेपर्यंत पंचावन्न मिनिटं. त्याच्या पुढं कासच्या पठारावर जायचं म्हणजे अख्खी सकाळ. मला कासला जाऊन साडेनऊला घरी परत यायचं होतं, एवढीच इच्छा होती खरं तर. भिशीचे पैसे मिळाले आणि ठरवलं की आता रोड बाईक घ्यायची, बारीक टायरची, डांबरी रस्त्यावर पळणारी.

पहिला महिना मी चुकीच्या गोष्टीत घालवला, तो म्हणजे वजन. रात्री सगळे झोपले की मोबाईलवर कुठली साडेआठ किलोची, कुठली दहाची हेच बघत बसायचे. कार्बन फ्रेम घ्यावी का म्हणून बजेट ताणायचाही विचार झाला. मग एकदा वहीत गणित मांडलं. मी ५८ किलो, सायकल दहा, पाण्याच्या दोन बाटल्या, पंप, ट्यूब, कपडे, शूज, हेल्मेट धरून सगळं मिळून सत्तरच्या थोडं वर. त्यात सायकल दोन किलोनं हलकी केली तर एकूण वजन तीन टक्क्यांपेक्षाही कमीच घटतं, म्हणजे चाळीस मिनिटांच्या चढाला जेमतेम मिनिटभराचा फरक. रेसमध्ये तेवढ्यावर निकाल लागतो हे मान्य, आणि तिथं ६.८ किलोपेक्षा हलकी सायकल चालत नाही असा सायकलिंगच्या जागतिक संघटनेचा नियमच आहे. पण मला त्या मिनिटासाठी चाळीस-पन्नास हजार जास्त घालायचे नव्हते.

सातारकरानं वजनाआधी मागच्या चाकाचं सगळ्यात मोठं दातेरी चक्र बघावं असं माझं ठाम मत झालंय. त्याचं गणित असं आहे. रोड बाईकला पुढं बहुतेक वेळा ५० आणि ३४ दातांची दोन चक्रं असतात, याला कॉम्पॅक्ट म्हणतात. मागं कॅसेट असते, म्हणजे लहानमोठ्या चक्रांची चळत, तिच्यावर सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या चक्राचे दात लिहिलेले असतात, ११-२५, ११-२८, ११-३४ असे. मागं ११-२५ असेल तर सगळ्यात हलका गिअर ३४ ला २५, म्हणजे पाय एकदा पूर्ण फिरला की २८ मिलिमीटर रुंद टायरची सायकल साधारण २.९ मीटर पुढं जाते. तेच मागं ३४ असेल तर एका फेरीला चाकही एकदाच फिरतं, म्हणजे २.१ मीटर. आता घाटात माझा वेग असतो ताशी आठ. त्या वेगाला ११-२५ वर पाय मिनिटाला ४६ वेळा फिरणार, आणि ११-३४ वर ६२ वेळा. कागदावर फरक बारीक दिसतो, पण गुडघ्याला विचारा. ४६ वर प्रत्येक पायडल म्हणजे उभं राहून दाबायचं, आणि ६२ वर बसून, श्वास लयीत ठेवून, फ्रेमवरची बाटली काढून पाणी पीत चढता येतं.

दुकानात हा विषय काढला की बरेचदा उत्तर येतं, ताई सवय होते हो. सवय होते, पण गुडघे आपलेच असतात.

ग्रुपसेटचं, म्हणजे गिअर-ब्रेकच्या संचाचं थोडक्यात सांगते, शिमानो कंपनीत क्लॅरिस मागं आठ गिअरचा, सोरा नऊचा, टियाग्रा दहाचा आणि त्याच्या वर १०५. मी सोरा घेतला. क्लॅरिसही वाईट नाही, मैत्रिणीकडं आहे, तक्रार नाही तिची, पण नऊ गिअरमध्ये दोन चक्रांमधल्या उड्या थोड्या लहान होतात आणि बजेटमध्ये बसत होता.

आता साईझ, आणि इथं जरा सविस्तर लिहिते कारण माझे पैसे वाया जाता जाता वाचले. माझी उंची पाच फूट तीन इंच. एका मोठ्या दुकानात मला आवडलेलं मॉडेल ५४ च्या फ्रेममध्येच शिल्लक होतं, म्हणजे माझ्यासाठी मोठं, आणि त्यावर चांगली सूट होती. तिथला मुलगा म्हणाला, सीट पुढं घेऊ, स्टेम, म्हणजे हँडल धरणारा दांडा, छोटा टाकू, बसेल तुम्हाला. बसून बघितलं, दुकानातल्या दुकानात दोन मिनिटं बरंच वाटलं. मी म्हणलं मला बाहेर रस्त्यावर वीस मिनिटं चालवू द्या. नाही हो म्हणता म्हणता दिली. दहाव्या मिनिटाला कोपर ताठ झाले, तळहाताला मुंग्या आल्या आणि मान वर धरून धरून आखडली. हे दुखणं सीट पुढं घेऊन जात नाही, कारण सीट कुठं असावी हे गुडघ्याच्या हिशोबानं ठरतं, हँडल लांब पडतंय म्हणून सीट सरकवली की हातांचं दुखणं गुडघ्यात जातं. फ्रेमचे दोन आकडे बघायचे असतात, रीच आणि स्टॅक. पायडलच्या मधल्या आसापासून हँडलच्या नळीचं वरचं टोक आडवं किती पुढं आहे तो रीच, आणि उभं किती वर आहे तो स्टॅक. माझ्यासारख्या पाठीला ताण नको असणाऱ्यांनी रीच कमी आणि स्टॅक जास्त असलेली फ्रेम घ्यावी, त्याला एन्ड्युरन्स म्हणतात. शेवटी दुसरीकडं ५० ची फ्रेम मागवून घेतली, सूट नाही, वर तीन आठवडे वाट. पाऊण लाखाच्या थोडं वर गेली. अहो म्हणाले, तीन आठवडे थांबलीस तेच बरं केलंस, नाहीतर वर्षभर मान चोळत बसली असतीस.

बायकांसाठी अजून एक, जे मला कुणीच सांगितलं नव्हतं. हात लहान असेल तर ब्रेकची कांडी बोटांना लांब पडते. त्या लिव्हरमध्ये एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की कांडी हँडलजवळ येते. पाच मिनिटांचं काम. मी पहिले चार दिवस यवतेश्वर उतरताना नुसत्या बोटांच्या टोकांनी ब्रेक धरत होते आणि ते किती धोक्याचं होतं हे स्क्रू फिरवल्यावर कळलं.

ब्रेक डिस्कच घेतले, म्हणजे चाकाच्या मधल्या तबकडीला धरणारे, आणि त्याचा एकदाही पश्चात्ताप नाही. ऑगस्टमध्ये आपल्या घाटात काय असतं सगळ्यांना माहितीय, धुकं, सतत भुरभुर, कडेला शेवाळ, मधेच वरनं आलेली लाल माती. रिमवरचे ब्रेक ओले झाले की आधी पाणी पुसलं जातं आणि मग पकडतात, तेवढ्यात वळण येतं. डिस्क ओल्यातही लगेच धरते. टायर २८ चे, हवा ६५ ते ७० पीएसआय. आधी टायरवर लिहिलेला वरचा आकडा बघून शंभरच्या पुढं भरली होती, तर बोगद्याकडनं सज्जनगडाच्या रस्त्याला गेले तेव्हा प्रत्येक खडा मणक्यात वाजला. हवा कमी केल्यावर तीच सायकल वेगळी वाटायला लागली. आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांकडं मात्र तिचा वॉल्व्ह बसत नव्हता, ते म्हणाले, ताई ही सुई कसली हो? प्रेस्टा वॉल्व्ह असतो तो, बारीक, वरती स्क्रूचा. पितळेचा छोटा अडॅप्टर मिळतो, मी दोन आणले, एक सीटखालच्या पिशवीत आणि एक काकांच्या डब्यात ठेवलाय.

आणि आता चालवायचं काय सांगू. पहिल्यांदा समर्थ मंदिरापासून निघाले तो दिवस पाऊस थांबलेला, रस्ता ओला. पहिल्या चढाला सवयीनं उठून दाबायला गेले आणि सायकल हातातनं सुटल्यासारखी पुढं पळाली, मग बसले, मागचं मोठं चक्र लावलं आणि नुसते पाय फिरवत राहिले. एका वळणावर ढग बाजूला झाले, खाली अख्खं सातारा, समोर अजिंक्यतारा, आणि कानाला फक्त चेनचा आवाज. चव्वेचाळीस मिनिटांत देवळापाशी. दम लागला होता पण बोलता येत होतं, देवळापाशी फुलं विकणाऱ्या मावशींशी मी बोललेच, त्यांनी विचारलं कुठनं आलीस बाळा, म्हणलं खालनं, तर त्यांनी सायकलकडं बघून माझ्या पाठीवर हात फिरवला.

त्याच्या पुढं कासपर्यंत पठारावरचा रस्ता, चढउतार आणि वारा. पश्चिम घाट २०१२ ला युनेस्कोच्या यादीत गेला, त्यात आपलं कासही आलं, आणि आता सप्टेंबरात शनिवार-रविवार गाड्यांची रांग लागते, सायकलवाल्यानं तेव्हा जाऊच नये. मी गेल्या मंगळवारी सुट्टी होती म्हणून पाचला निघाले. तेरडा नुसता गुलाबी पसरला होता, मधे सोनकीचा पिवळा, आणि जरा खाली वाकून बघितलं की सीतेची आसवं, निळी-जांभळी. गाडीतनं जाताना ही फुलं रंगाचा पट्टा म्हणून दिसतात, सायकलवरनं एक एक दिसतं, कारण थांबायला जागा शोधावी लागत नाही, पाय टेकला की थांबलो. साडेनऊला घरी होते. डबा भरायला पाच मिनिटं उशीर झाला फक्त.

जुनी एमटीबी कोरेगावच्या भाच्याला दिली, तो कॉलेजला नेतो. ऊसाचा हंगाम सुरू झाला की त्या रस्त्याला ट्रॉल्या आणि पाचट असतं, तिथं जाड टायरच बरा.

येत्या रविवारी लिंब गावाला चाललोय आम्ही चौघी, बारा मोटेच्या विहिरीपर्यंत, महामार्गावरनं लिंब फाट्याला आत. पहाटे साडेपाचला पोवई नाका. ज्यांना यायचंय त्यांनी या, मागचा लाल दिवा पाहिजेच, आणि ट्यूब आपली आपण आणा, माझी ७०० बाय २८ ची आहे, एमटीबीला चालणार नाही.