उघड्या बेल्टचा क्लच: प्लेटांवर आळ घेण्याआधी

"गाडी रेस घेते पण ओढत नाही" म्हटलं की तालुक्याच्या बहुतेक गॅरेजात उत्तर ठरलेलं असतं: क्लच प्लेटा गेल्या, नव्या मागवा. साध्या गाडीत ते बरेचदा खरंही निघतं. उघड्या बेल्टच्या, म्हणजे इंजिनपासून क्लचपर्यंतचा बेल्ट झाकणाबाहेर असलेल्या कस्टम गाडीत मात्र प्लेटा मागवायच्या म्हणजे पार्सलची वाट पाहत गाडी उभी ठेवायची. आणि दुखणं दुसरंच असलं तर नव्या प्लेटाही जुन्यांच्याच वाटेने जातात. म्हणून प्लेटांचा नंबर शेवटी.

रचना आधी डोळ्यांसमोर आणा. क्रँकवर पुढची पुली, तिच्यावरून दातेरी बेल्ट, आणि मागची पुली म्हणजेच क्लचची बास्केट. बास्केटमध्ये फायबर आणि स्टीलच्या प्लेटा एकाआड एक, वरून प्रेशर प्लेट आणि स्प्रिंगा. गिअरबॉक्सच्या पोकळ मेनशाफ्टमधून पुशरॉड येतो. लिव्हर दाबला की तो प्रेशर प्लेट बाहेर ढकलतो. हार्ले धाटणीची चॉपर असो की बुलेटच्या इंजिनावर बेल्ट किट चढवलेली, तत्त्व हेच. मूळ गाडीत हा सगळा कारभार झाकणाआड तेलात चालतो, इथे कोरडा. तेल नाही म्हणून थंडावा नाही, झाकण नाही म्हणून धुळीला दार मोकळं. एक फायदा मात्र मोठा आहे: निम्मी तपासणी काहीही न खोलता होते. इंजिन बंद, चावी काढलेली, प्लगची कॅप उपसलेली. चालू बेल्टजवळ बोट न्यायचं कोणतंही कारण नसतं.

सुरुवात लिव्हरच्या प्लेपासून करायची, म्हणजे जोर लागण्याआधी लिव्हर जेवढा रिकामा हलतो तेवढ्यापासून. प्ले किती आहे हे कोणीही पाहतं. खरा प्रश्न असा की तो आपोआप कमी होत आला की वाढत आला. फायबर प्लेटा झिजल्या की थर पातळ होतो, प्रेशर प्लेट आत सरकते, पुशरॉडला मागे रेटते आणि लिव्हरचा प्ले कमी होतो. केबल ताणली, रॉडचं टोक घासलं किंवा रिलीज बेअरिंग खाल्लं गेलं तर प्ले वाढतो. ब्रेकच्या सवयीमुळे हे उलटं वाटतं आणि तिथेच गल्लत होते. प्ले पार संपला की स्प्रिंगांचा थोडा जोर कायम रॉडवर जातो, प्लेटा कधीच पूर्ण दाबल्या जात नाहीत, क्लच घसरतो, तापतो आणि आणखी घसरतो. धडधाकट प्लेटा अशाच जळतात. न्यूट्रल सापडत नाही म्हणून कोणीतरी केबल आवळत नेतो आणि महिनाभरात गाडी घसरायला लागते, ही साखळी फार नेहमीची आहे.

ॲडजस्टमेंट थंड इंजिनावरच करायची. आधी केबलचा ॲडजस्टर पूर्ण ढिला सोडा. प्रेशर प्लेटच्या मधोमध लॉक नट आणि स्क्रू असतो. नट सैल करून स्क्रू हलक्या हाताने आत फिरवा. रॉडला टेकल्याचं बोटांना कळतं, तिथे थांबा. मग अर्धा ते एक फेरा मागे घ्या, स्क्रू धरून ठेवून नट आवळा. त्यानंतरच केबलला हात लावायचा: लिव्हरच्या ब्रॅकेटपाशी केबलचं टोपण ओढल्यावर दीड ते तीन मिलिमीटर फट दिसली पाहिजे. हे आकडे हार्लेच्या पाच गिअरच्या गिअरबॉक्सचे आहेत. किटचा कागद वेगळं सांगत असेल तर कागद मोठा. क्रम मात्र सगळीकडे सारखा, आधी रॉड मग केबल. एवढ्यावर घसरणं थांबलं तर पाना खाली ठेवा.

थांबलं नाही तर खडू घ्या. ज्या गाडीची किक गिअरबॉक्सच्या मेनशाफ्टवर आहे, म्हणजे बुलेट आणि किकच्या जुन्या हार्ले, तिथे किकचा जोर क्लचमधूनच इंजिनला जातो. प्रेशर प्लेटपासून बास्केटच्या काठापर्यंत खडूची एक सरळ रेघ मारा. न्यूट्रलमध्ये, लिव्हर न दाबता, कॉम्प्रेशनवर किक जोरात मारा. रेघ सलग राहिली तर क्लच निदान एवढा भार पेलतोय. रेघेचे दोन तुकडे होऊन बास्केटचा भाग जागीच राहिला आणि आतला पुढे गेला, तर घसरणं डोळ्यांनी दिसलं. परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात वरच्या गिअरला गाडी घालून बघण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. अर्थात रेघ सलग राहिली म्हणून क्लच निर्दोष ठरत नाही. गरम झाल्यावरच घसरणारा क्लच थंडीत या परीक्षेत पास होतो.

आता तेल. कोरड्या क्लचचा सगळ्यात मोठा शत्रू झीज नसून तेल आहे. बास्केटच्या मागच्या बाजूला टॉर्च मारा. मध्यापासून कडेकडे गेलेले ओलसर काळे फराटे दिसले तर मेनशाफ्टचं सील गळतंय. मागची बाजू कोरडी आणि प्रेशर प्लेटच्या मध्याभोवती मात्र तेल असेल तर ते पुशरॉडच्या भोकातून येतंय. इंजिनच्या ब्रीदरची (आतली हवा बाहेर सोडणारी) नळी बेल्टच्या दिशेने सोडलेली असणं हे तिसरं कारण, आणि मागच्या चेनला हात सैल सोडून मारलेलं तेल हे चौथं. गळती बंद केल्याशिवाय प्लेटा धुण्यात अर्थ नाही. धुवायच्या तर ब्रेक क्लीनरने. रॉकेल वापरू नका, ते उडून गेल्यावरही तेलकट थर मागे ठेवतं. फायबरमध्ये तेल खोल मुरलं असेल तर ती प्लेट धुऊन दोन दिवस चालते आणि गरम झाली की आतलं तेल पुन्हा वर येतं. अशी प्लेट बदलायचीच.

खाली साचलेली भुकटीही बोलते. बेल्टच्या मागे असलेल्या आधाराच्या प्लेटवरून बोट फिरवून उजेडात धरा. चांदीसारखी करडी चमक म्हणजे ॲल्युमिनियमची पुली किंवा बास्केट झिजतेय. काळी, मऊ, बोटाला चिकटणारी म्हणजे बेल्टचं रबर. कोरडी तपकिरी म्हणजे फायबर, आणि तांबूस म्हणजे कुठलातरी स्टीलचा जोड हलतोय आणि गंजतोय. ही भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या प्लेटांत ॲस्बेस्टॉस असू शकतं.

इथवर काही सापडलं नाही तरच क्लच खोला. स्प्रिंगांचे नट समोरासमोरच्या जोडीने, एकेक फेरा सैल करत काढा. स्प्रिंगा एका ओळीत उभ्या करून उंची ताडून पाहा. एखादी बुटकी दिसली तर पूर्ण संच बदला. स्टीलची प्लेट काचेवर ठेवून कडेने ०.१५ मिलिमीटरचा फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. गेला तर प्लेट वाकलेली आहे. निळे डाग म्हणजे ती भाजलेली आहे, पण सपाट असेल तर चालते. फायबरची जाडी व्हर्नियरने तीन-चार जागी मोजून किटच्या आकड्याशी ताडा. जाडी पुरेशी, पण पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झालाय, तर काचेवर ८० नंबरचा पॉलिश पेपर पसरून गोल फिरवत चमक उतरवा.

बास्केटच्या खाचा विसरू नका. फायबर प्लेटांचे कान ॲल्युमिनियमच्या या खाचांत सतत आपटतात आणि घाव पाडतात. खाचेच्या बाजूवरून नख फिरवा. नख अडकत असेल तर लिव्हर सोडताना प्लेटाही तिथेच अडकतात: क्लच झटक्याने धरतो, कधी सुटतच नाही. हलके घाव सपाट कानशीने साफ होतात. खोल घाव कानशीने घालवायला गेलात तर कानांना मोकळीक जास्त मिळते, ते आणखी जोरात आपटतात, आणि बास्केट लवकर जाते. हब, म्हणजे बास्केटच्या आतला मेनशाफ्टवर बसलेला भाग, काढायची वेळ आली तर लक्षात ठेवा, हार्लेच्या हबचा नट उलट्या आट्यांचा असतो. टॉप गिअर टाकून मागचा ब्रेक कोणाला तरी दाबून धरायला सांगा. बेल्टच्या दातांत लाकूड अडकवून पुली रोखायची पद्धत आपल्याकडे आहे, ती बेल्टच्या आतल्या दोऱ्या तोडते.

दुसरी तक्रार सुटत नसलेल्या क्लचची. सकाळी न्यूट्रल लगेच सापडतं, दुपारी मात्र सिग्नलवर बूट झिजेपर्यंत सापडत नाही, असं असेल तर आधी बेल्टचा ताण बघा. बेल्टमधल्या दोऱ्या उष्णतेने जवळजवळ लांबत नाहीत, ॲल्युमिनियमच्या पुल्या फुगतात. २०० मिलिमीटरची मागची पुली ५० अंशांनी तापली की सुमारे ०.२३ मिलिमीटर मोठी होते, १०० ची पुढची ०.१२ ने. दोन्ही मिळून बेल्टची अर्धा मिलिमीटरहून जास्त लांबी खाल्ली जाते. आणि ३०० मिलिमीटरच्या अंतरात मधोमध १२ मिलिमीटर दबणारा बेल्ट म्हणजे प्रत्यक्षात जेमतेम एक मिलिमीटर ढील. निम्म्याहून जास्त ढील इथेच संपली. आधीच ताठ असलेला बेल्ट मेनशाफ्टला पुढे ओढतो, बास्केट तिरपी होते, प्लेटा एका कडेने चिकटून राहतात. पुढे बेअरिंगही जातात. त्यामुळे डिसेंबरच्या थंडीत लावलेला ताण मे महिन्यात, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर गेल्यावर, पुन्हा तपासायचाच. थंड गाडीवर बोटाने दाबून साधारण १२ ते २० मिलिमीटर दबला पाहिजे. मागचं चाक फिरवत तीन-चार जागी बघा आणि सगळ्यात ताठ जागेचं माप धरा.

हार्ले धाटणीत गिअरबॉक्स सरकवून ताण बदलतो. तो तिरपा सरकला की बेल्ट एका कडेला धावतो, म्हणून बेल्टची कड पुलीच्या काठाला घासत नाही ना ते चाक दोन्ही दिशांना फिरवून पाहा. गिअरबॉक्स सरकला की मागच्या चेनचा ताणही बदलतो. जुन्या बुलेटचा गिअरबॉक्स इंजिनलाच बोल्टने जखडलेला असतो, तिथे सरकवायला जागाच नाही. ताण चुकला तर बेल्टची लांबी किंवा पुलीच चुकीची आहे. बेल्टवरचा नंबर वाचून घ्या: १०५६-८एम-३० म्हणजे लांबी १०५६, दातांतलं अंतर ८, रुंदी ३० मिलिमीटर. १३२ दात.

ताण ठीक असूनही सुटत नसेल तर लिव्हर दाबून धरायला सांगा आणि प्रेशर प्लेटकडे कडेने बघा. ती चहूबाजूंनी सारखी उचलली पाहिजे. एका बाजूने कमी उचलत असेल तर तिथला स्प्रिंग नट पाव-पाव फेरा सैल करत प्लेट समांतर आणा.

आपल्या रस्त्यांचं वेगळं गणित आहे. पांदण रस्त्यावर बेल्टमध्ये गिट्टीचा एक खडा गेला तर दात तुटतो, कधी बेल्टच. वणीकडची कोळशाची भुकटी आणि काळ्या मातीची धूळ पुलीचा कडक थर खरवडते. कापसाच्या हंगामात रस्त्यावर उडणारा कापूस बास्केटच्या मागे गोळा होतो आणि गळणारं तेल धरून ठेवतो. पावसात भिजलेला क्लच काही क्षण घसरतो किंवा झटका देतो, मग वाळतो. त्यावर प्लेटा बदलू नका. निदान वरच्या बाजूला आणि पुढून गार्ड हवाच. गळ्यातला दुपट्टा आणि मागे बसलेल्या बाईचा पदर यांच्यासाठी तर तो आधी हवा. बेल्टला ग्रीस, चेन स्प्रे, बेल्ट ड्रेसिंग यातलं काहीही लावायचं नाही.

नव्या प्लेटा बसवल्या तर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर घाट आणि डबल सीट टाळा. त्या बसताना थर थोडा दबतो, प्ले कमी होतो, म्हणून त्यानंतर गाडी रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी पुन्हा ॲडजस्ट करा: आधी रॉड, मग केबल.